मैना गावावर का ‘राहिली’? : एका छक्कडीचा आस्वाद

अण्णा भाऊ साठे यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड एकदाही कानी न पडलेला मराठी श्रोता दादर-परळच्या परिसरात शोधूनच काढावा लागेल. १ मे रोजी शिवाजी पार्कवर संचलन होते, त्या सुमारास ती ध्वनिक्षेपकांवरून ऐकू येते. ६ डिसेंबरला त्याच मैदानाच्या अंगाने पुस्तकांच्या राहुट्या लागतात, तेथेही ती कोणाच्या तरी ओठी असते. समीक्षकाच्या दृष्टीने इतकी परिचित रचना थोडी धोक्याचीच. ती ऐकू येते, म्हणूनच आपण ती ऐकेनासे होतो. ‘संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे गीत’ ही तिची ओळख आता रूढ झाली आहे. ही ओळख खोटी नाही, परंतु तिने या रचनेतील एक गोष्ट झाकून टाकली आहे. गाव सोडून आलेल्या एका पुरुषाची ही कबुली आहे, आणि ती कबुली त्याच्याने पुरती होत नाही. ही अपुरेपणाची खूण शीर्षकातील क्रियापदातच सापडते, असे मला वाटते.

‘राहणे’ हा धातू वरवर पाहता निरुपद्रवी आहे. माणूस दादरला राहतो, पाहुणा चार दिवस राहतो. पण आपण ‘छत्री गाडीत राहिली’, ‘सांगावयाचे राहिले’, ‘पत्र लिहावयाचे राहून गेले’ असेही म्हणतो. छत्री गाडीत आपण होऊन राहत नाही. ती कोणीतरी विसरलेली असते. तरीही वाक्यात कर्तेपण छत्रीकडे जाते आणि विसरणारा वाक्याबाहेर उभा राहतो. मराठीत ही सोय फार सहजपणे वापरली जाते. चूक घडल्याचे मान्य करावयाचे, पण ती करणाऱ्याचे नाव घ्यावयाचे नाही, अशी ही रचना आहे. गीताचा नायक ‘मी तिला ठेवली’ असे म्हणत नाही, ‘सोडली’ असेही म्हणत नाही. ती ‘राहिली’. तिने राहणे पत्करले, की ती मागे सुटली, की ती विसरली गेली, या तिन्ही शक्यता एका क्रियापदात नांदतात. आणि ‘माझी’ हा शब्द आरंभीच उच्चारल्यामुळे यांपैकी कोणत्याही शक्यतेतून त्याला सुटका नाही.

‘गावावर’ हा प्रयोगही थांबून पाहण्याजोगा आहे. ‘गावी’, ‘गावात’, ‘गावाकडे’ हे पर्याय भाषेत होते. ‘वर’ हे शब्दयोगी अव्यय आपण शेतावर, कामावर, पहाऱ्यावर अशा ठिकाणी योजतो, म्हणजे जेथे माणूस कशाच्या तरी जबाबदारीने असतो. आणि ‘देवावर हवाला’, ‘शेजाऱ्यांवर भार’ असेही म्हणतो. बोलीत हा प्रयोग अवघड नाही; कवीने तो मुद्दाम घडविला, असे सुचविण्याचा हेतू नाही. पण गिरणगावातील एकट्या पुरुषाच्या तोंडून तो आला की दोन्ही छटा जाग्या होतात. ती तिकडे घरदार सांभाळीत आहे, आणि तिला कोणाच्या तरी भरवशावर टाकलेले आहे.

या एकटेपणाला सामाजिक पुरावा आहे. १९२१ व १९३१ च्या शिरगणतींत मुंबईतील स्त्रियांची संख्या पुरुषांच्या निम्म्याहून थोडीच अधिक होती. कोकणातून आणि देशावरून आलेला गिरणी-कामगार गाळ्यात इतर पुरुषांबरोबर राही, खानावळीत जेवी, आणि बायकामुले गावीच असत. अण्णा भाऊ स्वतः वाळवे तालुक्यातील वाटेगावचे. १९२० साली जन्मलेले, आणि लहान वयात आईवडिलांबरोबर पायी चालत मुंबईस आलेले. पुढे, १९४४ मध्ये, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले; ही छक्कड जनमानसात रुजली ती अमर शेखांच्या पहाडी आवाजाने. कवीच्या चरित्रात मैना शोधण्याचा मोह मात्र आवरलेला बरा. गीतातील ‘मी’ हा त्या सर्व गाळ्यांतला ‘मी’ आहे.

आता निरोपाचा प्रसंग पाहू. तेथील वाक्यरचना मला आजवर कोणत्याही मराठी गीतात न आढळलेल्या प्रामाणिकपणाची वाटते, आणि हा प्रामाणिकपणा चुकवाचुकवीतून प्रकट होतो, हे तिचे वैशिष्ट्य. ताटातुटीचे कर्तेपण गरिबीकडे दिलेले आहे. मुंबईस जाण्याची तयारी ‘होते’, शिदोरीची बांधाबांध ‘होते’, वेळ पहाटेची ‘असते’. माणसाच्या हातून काही घडत आहे असे वाटू नये, अशीच ही क्रियापदे आहेत. मैना त्याला गावाच्या वेशीपर्यंत पोचवावयास येते, तिचे मन कोमेजते, आणि तेव्हा कोठे ‘मी’ उच्चारला जातो. तो कशासाठी? तिला हसविण्याची शिकस्त करण्यासाठी. मग पत्रांची आश्वासने येतात, आणि दागिन्यांची एक लांबलचक यादी. घर सोडण्याच्या कृतीत जो कर्ता सापडत नाही, तो वचने देताना मात्र पुढे येतो. वाट धरल्याचे तो सांगतो, काळजावर दगड ठेवल्याचेही सांगतो. पण तेथे पुन्हा ‘मी’ गळतो.

या दागिन्यांच्या यादीकडे रसिक कौतुकाने पाहतात. लावणीतील शृंगारवर्णनाचा तो वारसा आहेच. परंतु शाहिरी लावणीत अलंकार नायिकेच्या अंगावर असतात. येथे ते केवळ तोंडी आहेत. भाकरतुकडा बांधून निघालेला माणूस साज आणि तोडे देऊ करतो, तेव्हा प्रत्येक नगाबरोबर त्याच्या शब्दाचे मोल घटत जाते. मैनेला हे कळते. म्हणून ती हसत नाही. ती एक शब्दही बोलत नाही. हात उंचावून ती उभी राहते, एवढेच तिचे कर्म. येथे कानाला एक चमत्कार जाणवतो. पालुपदातील ‘राहिली’ आणि येथील ‘उभी राहिली’ यांचे रूप एकच आहे, पण दुसऱ्या ठिकाणी ते स्वेच्छेचे क्रियापद आहे. आपल्या व्याकरणाने नायक तिला वस्तूप्रमाणे मागे ‘राहू’ देतो. ती आपल्या पायांवर उभी ‘राहते’. यमकाने दोघांची गाठ घातली आहे, आणि पालुपद परत आले की पहिल्या ‘राहिली’त दुसरी ऐकू येऊ लागते.

जुन्या विरहाच्या लावणीत बोलणारी बहुधा स्त्री असते. सखा मोहिमेवर गेलेला असतो, आणि मोहीम हे कर्तव्य असल्याने त्याच्याकडे अपराध येत नाही. येथे गेलेला पुरुषच बोलतो. पाश्चात्त्य कथागीतांशी तुलना करावयाची तर पर्सीने १७६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संग्रहातील ‘एडवर्ड’ हे स्कॉटिश कथागीत आठवते. आई मुलाला तलवारीवरील रक्ताबद्दल विचारीत राहते. तो आधी ससाण्याचे, मग घोड्याचे नाव सांगतो, आणि शेवटी पित्याचे. त्याचे घर सोडणे अपराधाची शिक्षा म्हणून येते. आपल्या गीतात क्रम उलट आहे: घर सोडणे आधी, अपराध त्यातून. शिवाय एडवर्डला खोदून विचारणारी आई आहे. या कामगाराला विचारणारे कोणी नाही. मैना गप्प आहे. म्हणून त्याची कबुली पालुपदाभोवती फिरत राहते, ससाण्यापासून पुढे सरकतच नाही.

उत्तरार्धाविषयी मतभेद आहेत. मलबार हिलचे वैभव आणि परळातील कष्ट यांचा विरोध दाखवून गीत राजकारणाकडे वळते, बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव यांची नावे घेते, आणि मैनेची जी गत तीच खंडित महाराष्ट्राची, असे सांगते. हा भाग जोडलेला आहे, असे म्हणणाऱ्यांचे कान मला बरोबर वाटत नाहीत. ‘बेळगाव राहिले’ ही आपल्या बोलण्यातीलच भाषा आहे. तेच क्रियापद, तीच कर्त्याची गैरहजेरी. तथापि उपमा जुळली तरी तिच्यामुळे काही हरवते, हे नाकारता येत नाही. राजकीय भागात दोष देण्यास बाहेरचा माणूस मिळतो, आणि नायकाचा स्वर एकदम मोकळा होतो. आवेश वाढतो, लाज ओसरते. ती परत आणते ती शाहिराची प्रतिभा नव्हे, तर रचनेचा बंध: चौक संपला की पालुपदाकडे यावेच लागते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव-कारवार म्हैसूर राज्यात गेले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला, मुंबई मिळाली, आणि डांग गुजरातेत राहिला. सीमाभागासाठी महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला तो २००४ मध्ये. म्हणजे गीतातील नायकाला, तो ज्या शहरात उभा आहे ते शहर मिळाले. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून आपण हे गीत विजयाच्या सुरात ऐकतो तेव्हा एवढे तरी ध्यानात घ्यावयास हवे, की झीलकरी पालुपद उचलतात आणि त्यांच्यामागून सारे मैदान ते उचलते, तरीही त्यात ‘आमची’ येत नाही. हजारो कंठ एकाच वेळी ‘माझी’ म्हणतात.