बाह्या कापल्या की पाठ?

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी वैमानिक आपल्या ए-२ चामडी जॅकेटच्या पाठीवर विमानाचं नाव रंगवून घेत, अन् एकेका मोहिमेसाठी एकेक छोटा बॉम्ब. असं जुनं जॅकेट विरलं की बाह्या कापून त्याची बंडी करता येते. चामडं कमी होतं, पाठीवरची गोष्ट शाबूत राहते.

आपल्याकडच्या वारली छापाच्या बंडीत नेमकं उलटं घडतं. जव्हार-मोखाड्यातल्या वारली घरांत लग्नाचा चौक सवाशिणी काढतात: कुडाची भिंत, गेरू, तांदळाचं पीठ. मधोमध पालघट देवी. तिच्याशिवाय लग्न नाही. बंडीवर मात्र देवी गळते आणि तारप्याचा फेर किनारीची नक्षी होऊन उरतो. इथे कापली गेली ती पाठच.

चित्र भिंतीवरून उतरलं, याचं दुःख नाही. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ते १९७०च्या दशकात कागदावर आणलं. २०११मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण काय ठेवायचं, काय सोडायचं, हे त्यांचं त्यांनी ठरवलं होतं. म्हणून बंडी घेताना रंग पक्का आहे का, एवढंच विचारू नका. कात्री कोणाच्या हातात होती, तेही विचारा.