चाखायचा नसलेला पराग

न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये 2013 साली एक पिवळा चौकोन मांडला होता. साडेपाच मीटर रुंद आणि जवळपास साडेसहा मीटर लांब अशा जागेत हेझलनटच्या झुडपांचा पराग चाळून पसरलेला. जर्मन कलावंत वोल्फगांग लाइबची ही मांडणी. तिचं नाव ‘पोलन फ्रॉम हेझलनट’. काय आहे आणि कशाचं आहे, एवढंच ते सांगतं; अर्थ शोधण्याचं काम पाहणाऱ्यावर सोडतं.

सर्वांत आधी पाहावी ती या चौकोनाची कड. रांगोळी घालणारा हात आधी रेघ ओढतो, मग आत रंग भरतो. रंग रेघेबाहेर गेला की हात चुकला. लाइबच्या चौकोनाला रेघच नाही. तलम कापडाच्या चाळणीला हलके ठोके देत तो पराग खाली सोडतो. मधोमध पिवळा दाट उतरतो, कडेला विरळ होत जातो आणि कुठं संपला ते बोट ठेवून सांगता येत नाही. त्यामुळे तो जमिनीला टेकलेला न वाटता किंचित वर तरंगल्यासारखा भासतो. यात हाताइतकाच वाटा पदार्थाचा आहे. हेझलनटचं परागण वाऱ्यावर होतं. पानं फुटण्याआधी, थंडी सरता सरता त्याचे तुरे लोंबू लागतात. कीटकाच्या अंगाला चिकटायची गरज नसल्यामुळे हा पराग कोरडा आणि सुटा. एकेक कण मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाएवढा. म्हणून तो असा धुक्यासारखा बसतो.

या पिवळ्यात काळही साठलेला आहे. 1950 साली जन्मलेला लाइब ट्यूबिंगनला डॉक्टरकी शिकला, पण दवाखाना न थाटता कलेकडे वळला. 1977 पासून दक्षिण जर्मनीतल्या आपल्या गावाभोवतीच्या रानांत आणि कुरणांत तो दर वर्षी हातानं पराग गोळा करतो: आधी हेझलनटचा, पुढं डँडेलियन, बटरकप, पाइन यांचा. 2013च्या मांडणीतला पराग 1990च्या दशकाच्या मध्यापासून जमत आला होता. नजरेच्या एका टप्प्यात मावणाऱ्या त्या चौकोनात इतक्या हिवाळ्यांची अखेर चाळून ओतलेली आहे.

हेच काम मधमाशी रोज करते. ती परागात थोडा मकरंद आणि लाळ मिसळते आणि त्याचे गोळे मागच्या पायांवर थापून पोळ्यात आणते. दोन्ही पायांवरचं ओझं मिळून सुमारे पंधरा मिलिग्रॅम. मोठ्या वसाहतीला वर्षाला वीस किलो किंवा त्याहूनही जास्त पराग लागतो, म्हणजे तेरा लाखांवर फेऱ्या झाल्या. मध हे पोळ्याचं इंधन. अंगाची बांधणी होते ती परागावर. सुक्या परागात फुलागणिक दहा ते चाळीस टक्के प्रथिनं असतात, शिवाय स्निग्ध पदार्थ, ब गटातली जीवनसत्त्वं आणि खनिजं. पोळ्यात आंबवलेला पराग खाऊन तरुण माश्या अळ्यांसाठी पोषक रस तयार करतात. हे ठाऊक असलं की फरशीवरचा पिवळा नुसता रंग राहत नाही. पुढच्या पिढीचा शिधा उघड्यावर मांडलेला दिसू लागतो.

आणि खुद्द तो पिवळा रंग? परागाचा पिवळेपणा मुख्यतः फ्लेव्होनॉइड आणि कॅरोटिनॉइड या रंगद्रव्यांतून येतो. फूल सोडून निघालेल्या कणाला ऊन झेलावं लागतं. क्वेर्सेटिन, केम्फेरॉलसारखे रेणू अतिनील किरण शोषतात आणि पेशीला इजा करणारे मुक्त मूलक निष्प्रभ करतात. आरोग्याच्या दुकानात विकल्या जाणाऱ्या पराग-गोळ्यांच्या बाटलीवर ‘अँटिऑक्सिडंट’ म्हणून मिरवतात ते हेच. लाइबच्या दालनात ज्यानं डोळे दिपतात आणि दुकानात ज्याचे पैसे मोजतात, ते रसायन एकच. फरक एवढाच, की बाटली गुण सांगते आणि चौकोन ते दाखवतो. परीक्षानळीत दिसणारी ती ताकद माणसाच्या शरीरात तेवढीच उतरते, हे काही सिद्ध झालेलं नाही. कणाचं बाहेरचं कवच तर इतकं चिवट, की लाखो वर्षं गाळात टिकतं. ते फोडणं पचनालाही जड जातं. शिवाय हेझलनटचा पराग युरोपात अनेकांच्या ॲलर्जीचं कारण आहे. पोषण, शोभा आणि त्रास एकाच कणात नांदतात.

लाइबच्या 1984 सालच्या एका कामात याच परागाचे पाच इवले ढीग आहेत आणि शीर्षकात त्यांना न चढायचे पर्वत म्हटलं आहे. शीर्षकातला तो नकार त्याच्या सगळ्या परागकामांना लागू पडतो. त्यावर चालायचं नाही, हात लावायचा नाही, चाखायचं नाही. प्रदर्शन संपलं की पराग पुन्हा बरण्यांत जातो. इथं एक आक्षेप रास्त वाटतो: बरणीत वर्षानुवर्षं राहिलेला हा पराग कुठल्याच फुलाला फळवणार नाही, कुठल्याच अळीचं पोट भरणार नाही. पण हीच उणीव या कामाला धार देते. परागाचा वापर थांबवला, तेव्हाच तो पूर्ण दिसला.

आरोग्याच्या दुकानात आपण परागाला एकच प्रश्न विचारतो: माझ्या अंगी काय लागेल? लाइब तो प्रश्न विचारायला जागाच ठेवत नाही. परागातली प्रथिनं, रंगद्रव्यं, त्यांची संरक्षक ताकद, हे सारं खरं आहे. ते झाडानं आपल्या वंशासाठी घडवलं आणि मधमाशीनं आपल्या पिल्लांसाठी उचललं. माणसाचा नंबर त्यानंतरचा. ही क्रमवारी त्या चौकोनात एकही शब्द न वापरता मांडली आहे, आणि चमचाभर पराग तोंडात टाकण्याआधी ती समजून घेण्यासारखी आहे.