मंडपाखालची जमीन

अमिताव घोष यांची ‘द हंग्री टाइड’ (२००४) सुंदरबनची कादंबरी म्हणून वाचली जाते. खारफुटी, डॉल्फिन, वाघ, भरती-ओहोटी. एटापल्लीत बसून वाचली की भलताच शब्द डोळ्यांत भरतो: दंडकारण्य. मरिचझाँपी बेटावर आलेले निर्वासित तिथून पळून आलेले असतात. म्हणजे आपल्याकडून.

पूर्व बंगालच्या निर्वासितांना, ज्यांत नामशूद्र पुष्कळ होते, बंगालबाहेर वसवण्यासाठी १९५८ मध्ये केंद्राने दंडकारण्य प्रकल्प काढला. परळकोट हा त्याचा एक विभाग. त्यातलं पखांजूर आपल्या तालुक्याच्या हद्दीपलीकडे, आज छत्तीसगडात. इकडे मुलचेरा-चामोर्शी भागातही बंगाली गावं वसली. १९७८ मध्ये दंडकारण्याच्या छावण्यांतून हजारो लोक सुंदरबनाकडे निघाले आणि मे १९७९ मध्ये डाव्या आघाडीच्या सरकारने पोलीस घालून बेट रिकामं केलं.

हे घोष यांनी जिवाच्या आकांताने लिहिलंय. वाघांसाठी राखलेल्या जंगलात माणसाचा जीव इतका स्वस्त का, हा कुसुमचा सवाल विसरता येत नाही. पण दंडकारण्यातले मूळ रहिवासी पुस्तकात येतात ते एका ओझरत्या उल्लेखात, धनुष्यबाण घेऊन हल्ला करणारे म्हणून. त्यांना नाव नाही, बोली नाही. सरकारने जंगल कुणाला विचारून वाटलं, हा कुसुमचाच सवाल त्यांच्या तोंडी का नाही? आणि जे परत गेलेच नाहीत, त्यांना तर या पुस्तकात जागाच नाही.

त्यांची जागा आता रील्समध्ये आहे. दरवर्षी दुर्गापूजेला ढाक, शंख, खिचडीचा भोग, आणि खाली लिहिलेलं ‘मिनी बंगाल’. मला हा शब्द खटकतो. कौतुकाच्या नादात तो दोन गोष्टी झाकतो. एक म्हणजे जात. ओराकांदीच्या हरिचांद ठाकुरांचा मतुआ पंथ हा नामशूद्रांचा स्वतःचा वारसा, पण ‘बंगाली संस्कृती’ म्हटलं की कॅमेरा देवीवरच जातो. हेच नामशूद्र पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जातीत आहेत, महाराष्ट्राच्या यादीत नाहीत. ढाक वाजवताना ते बंगाली, दाखला मागताना कुणीच नाहीत.

दुसरी गोष्ट जमिनीची, आणि ती फक्त इथली नाही. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातून जमीनदारांनी मेंढ्यांसाठी कुळं हुसकावली. त्यातली बरीच कॅनडात गेली. तिथल्या नोव्हा स्कोशियाचं नावच ‘नवं स्कॉटलंड’. तिथे अँटिगोनिशला १८६३ पासून हायलँड खेळ भरतात, बॅगपाइप वाजतात, घागरे नेसून पुरुष ओंडके फेकतात. हुसकावले गेल्याची आठवण गाण्यांत जपली जाते. ती भूमी मिगमॉ लोकांची, हे मात्र उत्सवाच्या गाण्यात सहज बसत नाही.

यात बंगाली कुटुंबांना दोषी धरणं सोपं आणि खोटं. जागा त्यांनी निवडली नव्हती, ती दिल्लीत ठरली. स्कॉटिश वसाहतीमागे साम्राज्य होतं, यांच्यामागे फक्त रेशनकार्ड. पण घर गमावल्याचं दुःख ज्यांना ठाऊक आहे, त्यांच्या उत्सवाकडून माझी अपेक्षा जास्त आहे.

आपल्याच तालुक्यात सुरजागडच्या पहाडावर जानेवारीत माडिया ठाकूरदेवाच्या यात्रेला जमतात. त्याच पहाडात आता लोखंडाची खाण आहे, आणि यात्रेत खाणीविरुद्ध बोललं गेलंय. पूजेच्या मंडपात, ढाक थांबल्यावर, हे कुणी बांगलात सांगितलं तर? तशी कादंबरी मला वाचायचीय. ती कोलकात्यात बसून लिहिली जाणार नाही. मुलचेऱ्यातल्या एखाद्या मुलीने लिहावी, जिला घरी बांगला, शाळेत मराठी आणि बाजारात थोडी माडिया ऐकू येते.