खाई दिन्हची समाधी आणि तू-हिऊचा विहार

व्हिएतनाममधील ह्वे ही न्गुएन घराण्याची राजधानी. १८०२ ते १९४५ या काळात या घराण्यात तेरा सम्राट झाले. त्यांतील बारावा सम्राट खाई दिन्ह याची समाधी शहराच्या दक्षिणेस, चाऊ चू डोंगराच्या उतारावर आहे. प्रवासवर्णने तिला ‘अप्रतिम’ म्हणून मोकळी होतात. आम्ही ती पाहिली. तिची कारागिरी अप्रतिम आहे, हे आम्हांसही मान्य आहे. आमचा प्रश्न त्यापुढचा आहे.

बाहेरून ही वास्तू काळवंडलेली आणि काहीशी उदास दिसते. १२७ पायऱ्या चढाव्या लागतात. कठड्यांवर सिमेंटचे अजस्र ड्रॅगन पसरले आहेत. मधल्या प्रांगणात दगडी अधिकारी, सैनिक, हत्ती आणि घोडे मृत धन्याच्या चाकरीत आजही उभे आहेत. लोखंड व सिमेंट फ्रान्सहून आले, चिनी मातीची भांडी व काच चीन-जपानहून. शैलींची अशी सरमिसळ झाली आहे की बाहेरचा भाग आम्हांस तरी बेढबच वाटला.

आत पाऊल टाकताच मात्र दृष्टी दिपते. भिंतींवर चिनी मातीच्या व काचेच्या तुकड्यांची फुले, पक्षी आणि ऋतुचित्रे जडविली आहेत. त्यांतच गजराचे घड्याळ, रॉकेलचा दिवा आणि टेनिसची रॅकेटही आहे! सम्राटाच्या पुतळ्यावरील छत जरीच्या वस्त्रासारखे लहरत खाली आले आहे. ते काँक्रीटचे आहे हे सांगूनही खरे वाटत नाही. छतावरील ढगांत दडलेले नऊ ड्रॅगन फान वान तान्ह या चित्रकाराचे. त्याने ते पायांत कुंचला धरून रंगविले, अशी दंतकथा आहे. तुकडा घासून तुकड्याला जुळविणाऱ्या शेकडो हातांपैकी बहुतेकांची नावे मात्र कोणी सांगत नाही. येथे आम्हांस कार्ल्याचे चैत्यगृह आठवले. तेथे धेनुकाकटाच्या सुताराचे आणि गंधिकाचे नाव त्यांच्या दानासह दगडात कोरलेले आहे.

समाधीचे काम १९२० मध्ये सुरू झाले. १९२५ मध्ये सम्राट वारला आणि १९३१ मध्ये त्याचा पुत्र बाओ दाई याने ते पुरे केले. या खर्चासाठी फ्रेंच सत्तेच्या संमतीने प्रजेवरील करांत ३० टक्के वाढ करण्यात आली, हा इतिहास आहे. परकीयांच्या मेहेरबानीवर गादी टिकविणाऱ्या या सम्राटाची टर उडविणारे नाटक १९२२ मध्ये फ्रान्समध्ये एका तरुण देशबांधवाने लिहिले. तोच पुढे हो ची मिन्ह म्हणून जगास ज्ञात झाला.

पण एकट्या खाई दिन्हला दोष देणे न्यायाचे नव्हे. त्याच परिसरात १८६४ ते १८६७ या काळात तू डुक सम्राटाने आपली समाधी बांधविली. राबणूक असह्य होऊन १८६६ मध्ये मजुरांनी चुना कुटण्याची मुसळे हाती घेऊन बंड केले. बंड चिरडले गेले. आधी या बांधकामाला ‘दहा हजार वर्षे’ या अर्थाचे नाव होते. बंडानंतर ते बदलून ‘नम्रता’ या अर्थाचे ठेवण्यात आले! राजसत्तेची नम्रता ती हीच. आज हिरव्या तळ्याकाठी छायाचित्रे काढणाऱ्यांना हे ठाऊक असावे, असे आम्हांस वाटते.

तू डुकच्या समाधीहून जवळच, पाइनच्या झाडीत तू-हिऊचा विहार आहे. १८४३ मध्ये एका भिक्खूने येथे कुटी बांधली. पुढे १८४८ मध्ये विहाराचा विस्तार झाला तो राजवाड्यातील खोजांच्या दानातून. या माणसांनी अंतःपुरात जन्म घालविला. मरणोत्तर त्यांची आठवण ठेवणारे मूलबाळ कोणासच नव्हते. धम्माच्या छायेत आपल्याला विसावा मिळावा, एवढीच त्यांची अपेक्षा होती. त्यांच्या कबरी विहाराच्या आवारातच आहेत.

भदन्त थिच न्हात हान्ह यांनी सोळाव्या वर्षी प्रव्रज्या घेतली ती याच विहारात. दीर्घकाळ देशाबाहेर काढून २०१८ मध्ये ते येथे परतले आणि २२ जानेवारी २०२२ रोजी येथेच त्यांचे निधन झाले. आपल्या अस्थींवर स्तूप बांधू नये, असे त्यांनी शिष्यांना सांगून ठेवले होते. बांधलाच तर मी या आत नाही, असे त्यावर लिहावे, असेही ते म्हणत.

आम्ही तेथे पोहोचलो तेव्हा दुपार कलली होती. दोन तरुण श्रामणेर खोजांच्या कबरींमधील वाट झाडीत होते. त्यांनी झाडू बाजूला ठेवून आम्हांस आत जाण्यास जागा करून दिली.