शुद्ध प्रत आणि शुद्धलेखन : जॉन क्लेअरच्या निमित्ताने इंग्रजीतील 'अशुद्ध' लेखनाचा विचार

मराठीत 'शुद्ध' हा शब्द लेखनाच्या संदर्भात दोन भिन्न अर्थांनी वापरला जातो. संहितेच्या अभ्यासात 'शुद्ध प्रत' म्हणजे मूळ कर्त्याच्या शब्दांशी इमान राखणारी प्रत. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली असे म्हणताना हाच अर्थ अभिप्रेत असतो. 'शुद्धलेखन' या शब्दातील शुद्धता मात्र कर्त्याशी नव्हे, नियमाशी असलेली निष्ठा दर्शवते. लेखक नियम जाणणारा असेल, तर हे दोन अर्थ एकमेकांना छेदत नाहीत. ज्याला लिहिण्यासारखे पुष्कळ आहे पण नियम अवगत नाहीत, अशा माणसाचे लेखन समोर आले, की शुद्ध प्रत आणि शुद्धलेखन परस्परविरुद्ध दिशांना खेचू लागतात. इंग्रजीतील सदोष व्याकरण व वर्णलेखन या विषयावर दीर्घकाळ चाललेल्या वादाकडे या भेदातून पाहिले, तर त्या वादातील एक मूलभूत गफलत स्पष्ट होते.

इंग्रजी बिघडत चालली आहे, ही तक्रार नवी नाही. जोनाथन स्विफ्टने १७१२ मध्ये भाषा सुधारून स्थिर करण्याचा प्रस्ताव मांडला होता. लिन ट्रसचे विरामचिन्हांच्या दुरवस्थेवरील पुस्तक २००३ मध्ये विक्रमी खपाचे ठरले आणि २००६ मध्ये डेव्हिड क्रिस्टल यांनी या प्रवृत्तीचा प्रतिवाद केला. जेम्स व लेस्ली मिलरॉय यांनी १९८५ मधील आपल्या ग्रंथात या सातत्याला 'तक्रारीची परंपरा' असेच नाव दिले आहे. या परंपरेत एक गृहीतक कायम राहते : पूर्वी केव्हातरी इंग्रजी लेखन शुद्ध होते आणि सर्वसामान्यांच्या हातून ते भ्रष्ट झाले. इतिहास या गृहीतकाला दुजोरा देत नाही.

सॅम्युअल जॉन्सनचा कोश १७५५ मध्ये, रॉबर्ट लाउथचे व्याकरण १७६२ मध्ये आणि लिंडले मरेचे शालेय व्याकरण १७९५ मध्ये प्रसिद्ध झाले. नियमांची चौकट या चार दशकांत घट्ट झाली. लाउथने एकट्या व्यक्तीला उद्देशून येणाऱ्या 'यू वॉझ' या प्रयोगाला दोष दिला. परंतु अठराव्या शतकातील सुशिक्षितांच्या लेखनात तो सर्रास आढळतो. दुहेरी नकार चॉसर आणि शेक्सपिअर यांच्याकडे आहे. तो शिष्ट लेखनातून व्याकरणकारांच्या आधीच मागे पडत होता; व्याकरणकारांनी त्या बदलाला तर्कशास्त्राचे रूप दिले. आज ज्या चुकीवर सर्वाधिक बोट ठेवले जाते, तो 'इट्स' या स्वामित्वदर्शक रूपातील अपॉस्ट्रॉफी सतराव्या-अठराव्या शतकांत प्रतिष्ठितांच्या लेखणीतूनही उतरत असे. याहून महत्त्वाची बाब अशी, की त्या काळी वर्णलेखनाचे दोन दर्जे एकाच वेळी नांदत होते : एक छापील मजकुराचा, दुसरा खाजगी पत्रव्यवहाराचा. खुद्द जॉन्सनच्या पत्रांतील वर्णलेखन त्याच्या कोशाशी सर्वत्र जुळत नाही. हस्तलिखितातील विसंगती छापखान्यातील जुळाऱ्याने निस्तरायची, हा त्या व्यवसायाचा शिरस्ता होता. तेव्हा 'शुद्ध लेखन' हे लेखकाच्या अंगचे गुणवैशिष्ट्य नसून मुद्रणाच्या प्रक्रियेत निर्माण होणारे उत्पादन होते.

हा शिरस्ता सर्वांना सारखाच लागू होता. त्याचा अर्थ मात्र सर्वांसाठी सारखा लावला गेला नाही. 'लिरिकल बॅलड्स'ची दुसरी आवृत्ती सिद्ध होत असताना, १८०० मध्ये, वर्ड्स्वर्थने तोवर प्रत्यक्ष भेटही न झालेल्या हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाला पत्र लिहून मजकुरातील विरामचिन्हे दुरुस्त करण्याची विनंती केली. बायरननेही १८१३ मध्ये प्रकाशक जॉन मरे याच्याकडे विरामचिन्हे देऊ शकणाऱ्या माणसाची विचारणा केली आणि आपल्याला ते नीट जमत नसल्याची कबुली दिली. या दोन्ही प्रसंगांतून कोणी कवीच्या बुद्धीविषयी वा अधिकाराविषयी निष्कर्ष काढत नाही. वर्ड्स्वर्थच्या बाबतीत ती कामाची सोय ठरते, बायरनच्या बाबतीत उमरावाची बेफिकिरी.

जॉन क्लेअर (१७९३–१८६४) याच्या वाट्याला हे औदार्य आले नाही. नॉर्थम्प्टनशायरमधील हेल्पस्टन गावचा हा शेतमजूर विरामचिन्हांशिवाय, बोलीतील उच्चारांच्या आधाराने लिहीत असे. टेलर आणि हेसी या, कीट्सचीही पुस्तके काढणाऱ्या, प्रकाशनसंस्थेने १८२० मध्ये त्याचा पहिला संग्रह प्रसिद्ध केला आणि मुखपृष्ठामागील शीर्षकपानावरच कवीची ओळख 'नॉर्थम्प्टनशायरचा शेतकरी' अशी करून दिली. जो अभाव बायरनच्या बाबतीत सवय मानला गेला, तोच येथे अडाणीपणाचा पुरावा झाला. उणीव एकच, वाचन वेगळे. 'चूक' हा निर्णय केवळ अक्षरांकडे पाहून होत नाही, लिहिणाऱ्याकडे पाहूनही होतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण विरळा.

जॉन टेलरने क्लेअरच्या मजकुरात केलेले बदल एकजिनसी नाहीत. म्हणूनच त्यांची प्रतवारी आवश्यक आहे. पहिला थर वर्णलेखनाचा. तेथील दुरुस्तीने वाचकाची अडचण दूर होते आणि अर्थाला सहसा बाध येत नाही. दुसरा थर विरामचिन्हांचा. क्लेअरच्या अनेक रचनांत एखादे पद मागील ओळीलाही जोडता येते आणि पुढील ओळीलाही. स्वल्पविराम पडताच यांपैकी एक संबंध तुटतो. येथे दुरुस्ती म्हणजे अर्थनिर्णय असतो. तिसरा थर बोलीच्या व्याकरणाचा आणि शब्दसंग्रहाचा. गोगलगाईच्या शंखाला 'पूटी' किंवा चित्रांग भुंगेऱ्याला 'क्लॉक-अ-क्ले' म्हणणे ही चूक नव्हे, ते निराळ्या नियमव्यवस्थेतील अचूक लेखन होय. ॲन एलिझाबेथ बेकर हिच्या १८५४ मधील नॉर्थम्प्टनशायर शब्दकोशाला क्लेअरच्या या शब्दज्ञानाचा आधार मिळाला. टेलरला याची जाण होती. १८२०च्या प्रस्तावनेत त्याने या शब्दांची पाठराखण केली आणि शब्दार्थसूचीही जोडली. त्याला सरसकट खलनायक ठरवणारी समीक्षा हा तपशील दृष्टिआड करते.

तथापि चौथाही एक थर आहे आणि तो व्याकरणाच्या आडोशाने येतो. हेल्पस्टनच्या सामायिक जमिनी खाजगी मालकीत वाटून कुंपणे घालण्याचा कायदा १८०९ मध्ये झाला होता. धनिकांच्या सत्तेविषयी क्लेअरने लिहिलेल्या काही ओळी त्याचा आश्रयदाता लॉर्ड रॅडस्टॉक याला खटकल्या आणि त्याच्या दडपणामुळे त्या पुढील आवृत्तीतून गाळल्या गेल्या. जी लेखणी स्वल्पविराम घालते तिलाच ओळ गाळण्याचाही अधिकार मिळतो. लेखकाला स्वतःची भाषा शुद्ध लिहिता येत नाही हे एकदा मान्य झाले, की त्याने काय म्हणावे हे ठरवणेही इतरांच्या कक्षेत येते. क्लेअरने १८२२ मध्ये टेलरला लिहिलेल्या पत्रात विद्येतील व्याकरणाची तुलना राज्यकारभारातील जुलमाशी केली. तो उद्गार केवळ न शिकलेल्या माणसाचा त्रागा म्हणून वाचता येत नाही, तो या अनुभवामुळे.

विसाव्या शतकात याची प्रतिक्रिया उमटली. एरिक रॉबिन्सन आणि जेफ्री समरफील्ड यांनी १९६४ मध्ये 'द शेपर्ड्स कॅलेंडर' हस्तलिखिताबरहुकूम, मूळ वर्णलेखनासह आणि विरामचिन्हांविना छापले. १८२७च्या मुद्रित आवृत्तीत टेलरने या काव्याची मोठी काटछाट केली होती. ती या संपादनामुळे प्रथमच उघड झाली. पुढे १९८४ ते २००३ या काळात क्लॅरेंडन मुद्रणालयाने नऊ खंडांत समग्र कविता याच धोरणाने सिद्ध केल्या. शुद्ध प्रतीने शुद्धलेखनावर मिळवलेला हा विजय म्हणता येईल. क्लेअरच्या विरामहीन ओळींमध्ये कुंपण नसलेल्या माळरानाची प्रतिमा पाहण्याचा मोह अनेकांना झाला, तोही याच वातावरणात.

हा विजय निर्विवाद नाही. झॅकरी लीडर यांनी १९९६ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे क्लेअरला टेलरचे साहाय्य हवे होते. आपले लेखन दुरुस्त होऊनच छापले जाईल, ही त्याची अपेक्षा होती. जोनाथन बेट यांनीही २००३ मधील चरित्रग्रंथाच्या सुमारास मर्यादित दुरुस्तीचा मार्ग स्वीकारला. शिवाय नॉर्थम्प्टनच्या मनोरुग्णालयात १८४१ नंतर लिहिलेल्या कवितांपैकी पुष्कळशा तेथील कारभारी विल्यम नाइट याने करून ठेवलेल्या नकलांतूनच हाती येतात. तेथे 'कवीच्या हातची अशुद्धता' नावाची वस्तू मुळातच उपलब्ध नाही. आणखीही एक प्रश्न उरतो. वर्ड्स्वर्थ आणि बायरन यांच्या सर्वसामान्य आवृत्त्या नेटक्या विरामचिन्हांसह वाचकांपुढे येतात. क्लेअरचीच संहिता तेवढी उघड्या हस्तलिखिताच्या रूपात का यावी? टेलरने त्याला शीर्षकपानावर शेतकरी ठरवले, तर आधुनिक संपादकांनी वर्णलेखनाच्या द्वारे तेच अधोरेखित केले, असा आक्षेप घेता येतो. चुकांची थट्टा आणि चुकांचे पूजन या दोन्हींत लेखकापेक्षा त्याच्या चुका मोठ्या होतात.

या कोंडीतून बाहेर पडण्याची दिशा साहित्याबाहेरील एका लेखनप्रकारात सापडते. इंग्लंडच्या जुन्या दारिद्र्य-कायद्यानुसार निर्धनांना साहाय्य देण्याची जबाबदारी त्यांच्या हक्काच्या पॅरिशवर असे. कामासाठी अन्यत्र राहणारे मजूर, विधवा, वृद्ध आपल्या पॅरिशच्या पर्यवेक्षकांना पत्रे लिहून मदत मागत. थॉमस सोकोल यांनी २००१ मध्ये एसेक्स परगण्यातील १७३१ ते १८३७ या काळातील अशी सातशेहून अधिक पत्रे मूळ वर्णलेखनासह संपादित केली. त्यांतील वर्णलेखन कानाला ऐकू येते तसे आहे, वाक्ये एकमेकांत मिसळलेली आहेत. परंतु युक्तिवाद ढिसाळ नाही : मदत न मिळाल्यास कुटुंबासह परत यावे लागेल आणि तो भार पॅरिशला अधिक महाग पडेल, हे पर्यवेक्षकाला अचूक कळेल अशा बेताने सांगितलेले असते. पर्यवेक्षकांनी ही पत्रे वाचली, अनेकदा त्यांवर निर्णय घेतले आणि हिशेबाच्या कागदांत बांधून ठेवली. म्हणून ती टिकली. घरभाडे आणि भाकरी ज्या लेखनावर अवलंबून होती, ते लेखन आपले काम करत होते. 'सदोष' लेखन म्हणजे निष्फळ लेखन, हे समीकरण या पत्रांपुढे टिकत नाही.

भारतीय अभ्यासकाला या प्रश्नाची दुसरी बाजू परिचित आहे. अर्नोल्ड राइटने १८९१ मध्ये भारतीय वृत्तपत्रांतील इंग्रजीचे नमुने 'बाबू इंग्लिश' म्हणून करमणुकीसाठी संकलित केले. एसेक्सच्या पर्यवेक्षकाने पत्रातील आशय वाचला. राइटच्या वाचकाला आशयाची गरजच उरली नाही, केवळ चूक पुरेशी ठरली. मराठीशी असलेला धागा याहून सूक्ष्म आहे. मराठी गद्यात विरामचिन्हे रुळवण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. त्यांची 'विरामचिन्हांची परिभाषा' १८५० मध्ये प्रसिद्ध झाली. शालेय पुस्तकांची भाषा तपासणारे कँडी आणि क्लेअरची हस्तलिखिते तपासणारा टेलर हे एकाच शतकाचे, इंग्रजी मुद्रणसंस्कृतीत घडलेले वाचक होते. विरामचिन्हांनी मराठी गद्याची सोय झाली, यात शंका नाही. त्याचबरोबर अव्वल इंग्रजीतील शालेय मराठीवर कँडी यांच्या अभिरुचीची छाप पडली, हेही तितकेच खरे. सोय आणि अधिसत्ता एकाच चिन्हातून कशा वाहतात, हे क्लेअरच्या उदाहरणावरून समजून घेणे म्हणूनच मराठीच्या अभ्यासकाला परके वाटू नये. १९६२ आणि १९७२ मधील लेखननियमांची चर्चाही बहुधा ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वार यांच्यापाशीच थांबते. कोणती दुरुस्ती सोयीची आणि कोणती अर्थ बदलणारी, हा भेद तीत क्वचितच केला जातो.

तौलनिक अभ्यासाने हा भेद करण्याची जबाबदारी घ्यावयास हवी. वर्णलेखनातील विसंगती सुधारल्याने लेखक दुरावत नाही. विरामचिन्ह घालताना संपादक अर्थ निवडत असतो आणि ती निवड वाचकाला दिसली पाहिजे. बोलीचे व्याकरण 'सुधारणे' हे मात्र भाषांतर आहे आणि त्याला भाषांतरच म्हटले पाहिजे. क्लेअरची संहिता टेलरच्या हाती नेटकी झाली आणि थोडी मुकी झाली. आधुनिक संपादकांच्या हाती ती बोलकी झाली आणि सामान्य वाचकापासून काहीशी दूर गेली. या दोहोंत कोणती प्रत शुद्ध, याचे उत्तर नियमावलीत मिळणार नाही. ते प्रत्येक ओळीपाशी थांबून, ही दुरुस्ती कोणाच्या सोयीसाठी आहे हे विचारल्यावरच मिळू शकते.