अद्भुताचे वय आणि करुणेची सीमा

एखादी कलाकृती मुलांना योग्य आहे की नाही हे ठरविताना आपण बहुधा वर्ज्य गोष्टींची मोजदाद करतो : रक्त किती, भय किती, शृंगार किती. एस. एस. राजमौली यांच्या 'बाहुबली : द बिगिनिंग' (२०१५) या चित्रपटाला 'यूए' प्रमाणपत्र मिळाले, तेव्हा त्या वर्गात १२ वर्षांखालील मुलांसाठी पालकांचे मार्गदर्शन अपेक्षित असे. २०२३ च्या दुरुस्ती कायद्याने या वर्गाचे ७, १३ व १६ वर्षे असे तीन स्तर केले. परंतु वयाचा आकडा नेमका झाला म्हणजे मूल्यनिर्णय झाला, असे नव्हे.

१३-१४ वर्षांच्या प्रेक्षकाला माहिष्मती कल्पित आहे हे ठाऊक असते. तो अद्भुताला फसत नाही. मात्र अद्भुतामागील मूल्यव्यवस्था तो नकळत स्वीकारतो. या चित्रपटाची मूल्यव्यवस्था उथळ नाही. युद्धापूर्वी बाहुबली रेड्याचा बळी देण्याचे नाकारून स्वतःचे रक्त अर्पण करतो. शत्रूने ढाल म्हणून पुढे केलेल्या प्रजाजनांना भल्लालदेव तुडवतो, बाहुबली वाचवतो. शत्रुनायकाचा वध भल्लालदेवाच्या हातून होऊनही राजमाता शिवगामी राज्य बाहुबलीला देते. विजयापेक्षा विजयाचे साधन महत्त्वाचे, हा विवेक कुमारवयासाठी मोलाचाच आहे.

पण या करुणेला सीमा आहे, आणि ती कालकेयांपाशी येते. काळ्या वर्णाच्या या टोळीसाठी स्वतंत्र भाषा रचली गेली. ती बोलणाऱ्यांना मात्र आक्रमणापलीकडे जीवन दिले गेले नाही. रेड्यासाठी द्रवणारी संहिता त्यांच्या संहाराकडे केवळ नेत्रसुख म्हणून पाहते. अवंतिकेच्या प्रसंगावर पुष्कळ टीका झाली, आणि ती रास्त होती. वर्णाधिष्ठित रानटीपणाचे हे चिन्ह तितकेच चिंत्य आहे. रायगड जिल्ह्यात कातकरी मुले इतरांबरोबर एकाच वर्गात बसतात. तेथे हे चिन्ह पडद्यावरच थांबेल अशी खात्री कोणी द्यावी?

अद्भुताला असा परका लागतोच, हा युक्तिवाद टिकत नाही. त्याचे उत्तर मध्ययुगातच, आणि याच किनाऱ्यावर, सापडते. पंधराव्या शतकात त्वेर येथील व्यापारी अफनासी निकितिन चौलला उतरला; शेजारच्या रेवदंड्यात त्याचे स्मारक आहे. येथील लोकांचा काळा वर्ण आणि तोकडी वस्त्रे तो नोंदवतो. पण आपला गोरा रंग पाहून तेच लोक कुतूहलाने मागोमाग येत होते, हेही लिहितो. येथे पाहणारा स्वतःच पाहण्याचा विषय होतो. चोचीतून आग ओकणाऱ्या मृत्युसूचक पक्ष्याची कथा त्याच्या वृत्तांतात आहे. तशीच वानरांचीही आहे. त्यांना राजा आहे, सैन्य आहे, आणि अन्याय झाल्यास ती राजाकडे दाद मागतात. म्हणजे या अद्भुतात वानरांनाही न्यायव्यवस्था आहे. कालकेयांना ती नाही.

म्हणून 'बाहुबली' कुमारांना वर्ज्य ठरवू नये. जो चित्रपट साधनशुचितेचा प्रश्न स्वतःच उपस्थित करतो, तो त्याच प्रश्नाने तपासला जाण्यास पात्र असतो, आणि अशी तपासणी १३ वर्षांच्या बुद्धीला पेलते. शिक्षकाने रक्ताचे प्रमाण मोजण्याऐवजी एवढेच विचारावे : ज्याने रेड्याला वाचविले, त्याला कालकेय का दिसला नाही? हा प्रश्न वर्गात विचारला जाणार नसेल, तर कोणतेही प्रमाणपत्र अपुरेच ठरेल.