‘एटी२४’ ड्रायव्हर : एक परीक्षण

लिनक्सच्या गाभ्यात २००८ साली समाविष्ट झालेला ‘एटी२४’ ड्रायव्हर संयमामुळे मोलाचा ठरतो. २५६ बाइटांची २४सी०२ स्मृतिचिप पानापानाने लिहिते. लेखनाने पानाची सीमा ओलांडल्यास उरलेली माहिती त्याच पानाच्या आरंभी पडून आधीची नष्ट होते. ॲटमेलच्या चिपचे पान ८ बाइटांचे, एसटीच्या एम२४सी०२ चे १६ बाइटांचे. चिप ते स्वतः सांगत नाही. म्हणून डिव्हाइस ट्रीमध्ये लांबी दिली नसल्यास ड्रायव्हर एकेक बाइटच लिहितो. हा संथपणा क्षम्य आहे. तथापि ८ ऐवजी १६ हा आकडा दिल्यास तो निमूटपणे स्वीकारला जातो, ही त्याची खरी मर्यादा होय. तेव्हा माहितीच्या शुद्धतेचा भार अखेर वर्णन लिहिणाऱ्या अभियंत्यावरच पडतो. त्याने उत्पादकाचे माहितीपत्रक आधी वाचणे अगत्याचे आहे.